प्राथमिकच्या वर्गात संगीत आणि टेक्नॉलॉजी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिली ते पाचवीच्या वर्गात गाणं-वाजवणं शिकवताना फोन, टॅब, स्पीकर, ॲप वगैरे कसं वापरायचं याबद्दल शिक्षक आणि पालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथं एकत्र केलेत. सगळं सलग वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधा, जिथं दुसऱ्या उत्तराशी संबंध आहे तिथं नंबर दिलाय.

१. मला स्वतःला गाता येत नाही, वाद्यही येत नाही. नुसत्या ॲप्सवर मी मुलांना संगीत शिकवू शकते का?

शिकवू शकता, फक्त त्यातलं "नुसत्या ॲप्सवर" तेवढं काढून टाका. तुम्हाला टाळी धरता येते, लयीत चालता येतं, दोन आवाजांतला वरचा कुठला हे बहुतेक वेळा सांगता येतं, प्राथमिकच्या पहिल्या वर्षाला एवढं भांडवल पुष्कळ झालं. जो सूर तुम्हाला देता येत नाही तो कीबोर्डचं ॲप देईल, जी लय तुमच्याकडून पळते ती ड्रम मशीन धरून ठेवेल, तुम्ही ऐकवायचं आणि विचारायचं: आवाज कुठं वर गेला, कुठं थांबला, परत तोच आला का दुसरा.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, लहान मुलं यंत्राच्या सुरापेक्षा माणसाच्या आवाजाशी सूर पटकन जुळवतात. त्यामुळे ॲपवरून सूर वाजवला की वर्गातल्या ज्या मुलीचा किंवा मुलाचा सूर पक्का आहे तिला किंवा त्याला तो आधी गायला सांगा आणि मग बाकीच्यांनी तो उचलायचा. यंत्र, एक मूल, मग वर्ग, अशी साखळी झाली की तुम्हाला गाता येत नाही हे फारसं आड येत नाही.

२. सामान काय काय लागतं? प्रत्येक मुलाला टॅब पाहिजे का?

नको. एक फोन, वायर लावता येईल असा एक बरा स्पीकर, आणि असलाच तर प्रोजेक्टर, एवढ्यावर वर्ष निघतं. पैसे थोडेच असतील तर ते स्पीकरवर घाला, कारण फोनच्या टिचभर स्पीकरमधून खालचे सूर जवळजवळ येतच नाहीत आणि मग आपण मुलांना "खालचा आवाज ऐका" म्हणतो तेव्हा तो मुळात वाजतच नसतो.

स्पीकर जमिनीवर किंवा पहिल्या बाकाच्या नाकासमोर ठेवू नका. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो, वर्गात भिंतींमुळे थोडा कमी उतरतो, पण पुढच्यांचे कान किटतात आणि मागच्यांना शब्द कळत नाहीत हे होतंच. कपाटावर किंवा उंच स्टुलावर ठेवला की फरक बराच कमी होतो.

टॅब असतीलच तर तिघांत एक द्या. एकानं वाजवायचं, दुसऱ्यानं लय धरायची, तिसऱ्यानं ऐकून सांगायचं, मग जागा बदलायच्या. एका खोलीत तीस टॅब एकदम वाजले की त्याला संगीत म्हणायचं धाडस कोणी करणार नाही (हेडफोनचं काय, ते १२ मध्ये).

३. कुठली ॲप्स चांगली? फुकटवालीच सांगा.

यादी मोठी करण्यात अर्थ नाही, माझं मत विचाराल तर दोन-तीनच धरा आणि वर्षभर तीच वापरा.

पहिलं क्रोम म्युझिक लॅब. गुगलनं हे २०१६ मध्ये काढलं, ब्राउझरमध्ये चालतं, लॉगिन लागत नाही, जाहिराती नाहीत, आणि लहान मुलांसाठी या तीन गोष्टी बाकी कुठल्याही फीचरपेक्षा मोठ्या आहेत. त्यातला साँग मेकर उघडला की चौकोनांची जाळी येते, डावीकडून उजवीकडे वेळ आणि खालून वर सूर, चौकोन भरला की वाजतो. सेटिंगमध्ये जाऊन स्केल पाच सुरांचं करून घ्या, म्हणजे भूपातले सा रे ग प ध, मग मुलानं कुठंही बोट ठेवलं तरी कानाला खुपत नाही. जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फ मुलांच्या वाद्यांवरून नकोशा सुरांच्या पट्ट्या काढूनच ठेवायचे ते याच कारणासाठी. त्याच सेटिंगमध्ये बारमधल्या मात्रा बदलता येतात, ६ केल्या की दादऱ्याचं माप तयार.

दुसरं ऑडॅसिटी, कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग आणि कापाकापीसाठी. २००० सालापासून फुकट आहे, दिसायला रुक्ष आहे, पण ५ आणि १० मध्ये सांगितलेली कामं त्यावर होतात. ॲपलची मशिन्स असतील तर गॅरेजबँड आयतं येतं आणि छान आहे, इतरांना ते मिळत नाही, त्याची हळहळ करू नका.

चौथी-पाचवीची मुलं असतील तर स्क्रॅच. हे मुलांसाठीचं प्रोग्रामिंग, अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाचं, २००७ चं, त्यात संगीताचं वेगळं एक्स्टेंशन जोडता येतं आणि "हा सूर चार वेळा वाजव" असं मुलांना ठोकळे जोडून सांगता येतं. आवर्तन म्हणजे काय हे मुलांना याच्यातून जितकं चटकन कळतं तितकं फळ्यावर लिहून कळत नाही.

४. कितवीपासून सुरू करायचं आणि एका तासाला स्क्रीन किती वेळ?

ऐकवणं आणि रेकॉर्ड करणं पहिलीपासून, कारण त्यात स्क्रीनकडे बघायचंच नसतं. मुलांच्या हातात टॅब दुसरी-तिसरीनंतर. हंगेरीचे संगीतशिक्षक कोदाय आधी गळ्यातून गाऊन घ्यायचे, स्वित्झर्लंडचे संगीतशिक्षक दालक्रोझ आधी अंगानं लय चालून घ्यायचे, आणि चिन्हं, लिपी, सिद्धांत नंतर. टॅब आला म्हणून हा क्रम उलटा करायचं काही कारण नाही.

मिनिटांचा आकडा मागितला जातो म्हणून सांगते: चाळीस मिनिटांच्या तासाला दहा मिनिटं हातात टॅब, तीसुद्धा मधली. सुरुवातीला दिला तर मुलं तो खाली ठेवत नाहीत आणि शेवटी दिला तर तासच संपत नाही. पण मिनिटांपेक्षा मी दुसरं बघते, त्या दहा मिनिटांनंतर मुलानं जे टॅबवर केलं ते त्याला तोंडानं किंवा टाळीनं करून दाखवता येतंय का. येत नसेल तर त्यानं चित्र रंगवलं, संगीत नाही केलं.

५. गाण्याचा रेकॉर्ड केलेला ट्रॅक लावून गायला घेतलं की अर्धा वर्ग घोगरं गातो आणि अर्धा किंचाळतो. मुलांचा कानच कच्चा आहे का?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि बहुतेक वेळा कान ठीक असतो, ट्रॅकची पट्टी चुकलेली असते. सहा ते आठ वर्षांच्या मुलांचा गाण्याचा सोयीचा पट्टा लहान असतो, साधारण पेटीवरच्या मधल्या पांढरी दोनपासून पांढरी सहापर्यंत, म्हणजे सुमारे २९४ ते ४४० हर्ट्झ. मोठं होत जाईल तसा तो दोन्हीकडे पसरतो. आता तयार ट्रॅक हा मोठ्या गायकाच्या पट्टीत असतो. पुरुषाचं गाणं असेल तर ते मुलांच्या आवाजाच्या तळाखाली चालतं, मग काही मुलं तळाशी पुटपुटतात आणि काही एक सप्तक वर उडी मारतात, तुम्हाला वाटतं बेसूर गातायत, तर ती बिचारी दोन वेगवेगळ्या सप्तकांत गात असतात.

उपाय सोपा आहे. आधी ट्रॅक बंद करा, गाणं ज्या सुरात मुलं आपणहून सुरू करतात तो सूर कीबोर्ड ॲपवर शोधा, मग ट्रॅक तिथं आणा. ऑडॅसिटीत "चेंज पिच" म्हणून आहे, त्यानं वेग न बदलता पट्टी अर्ध्या-अर्ध्या सुरानं वरखाली करता येते, फोनवरही अशी ॲप्स मिळतात. तीन-चार अर्धसूर सरकवले तर चालून जातं, त्यापुढे ट्रॅकमधला माणसाचा आवाज कार्टूनसारखा होतो, मग नुसता वाद्यांचाच ट्रॅक घ्यावा. "चेंज स्पीड" नावाचं बटण वेगळं आहे, त्यानं वेग आणि पट्टी दोन्ही एकदम बदलतात, घाईत तेच दाबलं जातं.

दुसरं कारण म्हणजे स्पीकरचा आवाज. आजूबाजूला गोंगाट असला की माणूस नकळत मोठ्यानं बोलतो, मुलंही ट्रॅकवर मात करायला ओरडतात. मुलांचं हळू आवाजातलं गाणं तुम्हाला ट्रॅकच्या वर ऐकू आलं पाहिजे एवढाच ट्रॅक ठेवा.

आणि एक खेळ जरूर करा. गाणं चालू असताना मध्येच आवाज शून्यावर आणायचा, मुलांनी गात राहायचं, दोन ओळींनी परत वाढवायचा आणि बघायचं की आपण ट्रॅकच्या पुढे गेलो का मागे राहिलो, सूर वर चढला का खाली आला. सुरुवातीला पोरं भलतीकडेच निघतात आणि हसून लोटपोट होतात, काही आठवड्यांनी बरोबर जागेवर येऊन भेटायला लागतात. ट्रॅकचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

६. ट्यूनर ॲप लावलं तर एकाही मुलाचा सूर हिरवा होत नाही. सगळा वर्ग बेसूर?

छे. ट्यूनर म्हणजे सूर मोजून काटा दाखवणारं आणि बरोबर लागला की हिरवं होणारं ॲप, ते बनवलंय तारेच्या वाद्यांसाठी, तार छेडली की एकच सूर बराच वेळ तसाच राहतो. गळा तसा वागत नाही. मूल खालून सरकत सुरावर येतं, मध्ये व्यंजन आलं की सूर तुटतो, श्वास संपत आला की उतरतो. एका अर्धसुराचे १०० भाग केले की एकाला सेंट म्हणतात, आणि बऱ्याच ट्यूनरचा हिरवा पट्टा दोन्ही बाजूंना जेमतेम पाच-दहा सेंटचा असतो. कसलेल्या गायकाचा सूरही त्यापेक्षा जास्त हलतो.

काट्याऐवजी रेघ काढणारं काहीतरी वापरा, म्हणजे आवाज वर गेला की रेघ वर, खाली आला की खाली. म्युझिक लॅबमधला स्पेक्ट्रोग्राम माइक चालू करून असाच वापरता येतो. एकाला "ऊ" धरायला सांगा, दुसऱ्यानं खालून सायरनसारखा आवाज चढवत त्याच्या रेघेला जाऊन भेटायचं. शब्द नकोत, नुसता स्वर. एका मुलाला उभं करून सगळ्यांसमोर ट्यूनर दाखवणं मात्र अजिबात करू नका, त्या मुलाचं तोंड बंद होतं ते मग वर्षानुवर्षं उघडत नाही.

७. तानपुरा ॲप आणि कीबोर्ड एकत्र लावले की काही सूर खटकतात, विशेषतः गंधार (सरगमीतला ग). कुठल्या ॲपमध्ये दोष आहे?

आधी पट्टी तपासा. कीबोर्ड ॲप सहसा मधली पांढरी सहा म्हणजे ४४० हर्ट्झ या मापावर असतं (हे माप १९५५ पासून आंतरराष्ट्रीय शिफारस आहे), तानपुऱ्याच्या ॲपमध्ये बारीक सुधारणेचं बटण चुकून सरकलेलं असतं, ते शून्यावर आणा.

तरीही गंधार खटकत असेल तर तुमचा कान शाबूत आहे आणि दोष कोणाचाच नाही. तानपुऱ्याच्या तारांतून जो गंधार आपोआप उमटतो तो सा पासून ३८६ सेंटवर असतो, कीबोर्डचे बारा सूर सारख्या अंतरावर बसवलेले असल्यामुळे त्याचा गंधार ४०० वर असतो, म्हणजे १४ सेंट चढा. पंचमात हा फरक दोनच सेंटचा, म्हणून सा-प लावलं की काही जाणवत नाही. मुलांना गायला लावताना एकच साथ ठेवा. नुसता तानपुरा लावून गायलं तर मुलं गंधार आपोआप त्याच्याकडे ओढून घेतात. कीबोर्डवर धून वाजवायची असेल तर तानपुरा बंद करा. पाचवीतल्या मुलांना हा फरक ऐकवून बघा, ओळखणारी एक-दोन तरी निघतातच.

८. मेट्रोनोम (ठरावीक वेगानं टिकटिक करणारं ॲप) लावला की मुलं जास्तच गडबडतात. लावू की नको?

लावा, पण टिकटिक ऐकून वाजवायला सांगू नका, आधी टिकटिकीवर चालायला सांगा. ज्याचे पाय लयीत पडत नाहीत त्याच्या हाताकडून अपेक्षा करण्यात अर्थ नाही. दुसरं म्हणजे आपण "हळू घेऊया म्हणजे सोपं" म्हणून मिनिटाला ६० ठोक्यांवर लावतो आणि ते लहान मुलांना उलट जड जातं, त्यांची स्वतःची चाल मोठ्यांपेक्षा जलद असते आणि दोन ठोक्यांमधली रिकामी जागा धरणं हेच तर अवघड असतं. १०० ते १२० च्या आसपास सुरू करा, तिथं जमलं की सावकाश उतरा.

कोरड्या टिकटिकीऐवजी ठेका वाजवणारं ॲप लावलं, केहरवा किंवा साधा ड्रमचा, तर मुलं बिचकत नाहीत, सम (आवर्तनाची पहिली मात्रा) कुठं आली तेही कळतं. काही मेट्रोनोम ॲप्समध्ये एक आवर्तन वाजायचं आणि एक गप्प राहायचं अशी सोय असते, ५ मधल्या खेळाचा हा लयीचा भाऊ समजा.

९. टॅबवर बोट ठेवल्यावर स्पीकरमधून आवाज उशिरा येतो. टॅब जुना झालाय का?

टॅब नाही, ब्लूटूथ. आवाज पॅक करून पाठवायला आणि उघडायला त्याला साधारण १०० ते २५० मिलिसेकंद लागतात. गाणं नुसतं ऐकायचं असेल तर काही बिघडत नाही, पण १२० च्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, म्हणजे पाव ते अर्धी मात्रा उशीर झाला, त्यावर कोणालाच धड वाजवता येणार नाही. मुलं मग आवाजाची वाट बघत अजून हळू होतात आणि आपण त्यांना लय नाही म्हणतो. वाजवायचं असेल तेव्हा वायर, ऐकायचं असेल तेव्हा ब्लूटूथ, हा नियम कायमचा.

वायर लावूनही उशीर वाटला तर ॲप बदलून बघा, काही स्वस्त अँड्रॉइड टॅबमध्ये मुळातच थोडा उशीर असतो, तो टॅब तबला-ड्रमला न वापरता रेकॉर्डिंगला द्या.

१०. ऑनलाइन तासाला सगळ्यांना एकत्र गायला कसं लावायचं?

लावता येत नाही. एकमेकांबरोबर लयीत राहायचं तर उशीर २५-३० मिलिसेकंदांच्या आत लागतो, व्हिडिओ कॉलला तो कितीतरी जास्त असतो, त्यात प्रत्येकाच्या नेटचा वेगळा. सगळ्यांना म्यूट करा, तुम्ही किंवा ट्रॅक एकटाच वाजेल आणि मुलं आपापल्या घरी गातील. ऐकायचं असेल तेव्हा एकेकाला अनम्यूट.

लांब धरलेला सूर मध्येच गायब होतो ही तक्रारही येते. कॉलची ॲप्स बोलणं ठेवून बाकी आवाज गोंगाट समजून कापतात, आणि स्थिर सूर त्यांना पंख्याच्या आवाजासारखाच वाटतो. झूममध्ये "ओरिजिनल साउंड" चालू केलं की हे थांबतं, इतर ॲप्समध्ये नॉइज कमी करायची सेटिंग बंद करा.

एकत्र गाणं हवंच असेल तर प्रत्येकानं कानात ट्रॅक ऐकत दुसऱ्या फोनवर आपला आवाज रेकॉर्ड करायचा, सुरुवातीला ट्रॅकमधल्या ठोक्यावर एक टाळी वाजवायची, आणि नंतर ऑडॅसिटीत सगळ्यांच्या टाळ्या एका रेषेत आणायच्या. वेळखाऊ आहे, पण पाचवीची मुलं हे काम स्वतः शिकतात आणि शिक्षकांपेक्षा नेटकं करतात.

११. फोनवर रेकॉर्ड केलं की फारच भिकार येतं. चांगला माइक घ्यावा का?

माइकच्या आधी जागा बदला. फोन लांब ठेवला की मुलांच्या आवाजापेक्षा खोलीचा घुमाच जास्त येतो. आठ-दहा मुलं अर्धगोलात उभी करा, फोन मध्ये, छातीच्या उंचीवर, हातभर ते दीड हात लांब, पुस्तकांच्या ढिगावर खाली रुमाल टाकून ठेवा म्हणजे बाकाची थरथर येत नाही. पंखा बंद, खिडक्या शक्य तेवढ्या बंद. मोकळ्या फरशीच्या खोलीपेक्षा पडदे, दप्तरं, कपाटं असलेली खोली बरी, त्या अर्थानं पसारा कामाला येतो.

फोन आवाज आपणहून वरखाली करतो, हळू गायलं की वाढवतो आणि जोरात गायलं की दाबतो. म्हणून मुलांनी लहान-मोठा आवाज सुंदर काढलेला असतो आणि रेकॉर्डिंगमध्ये सगळं सपाट येतं. रेकॉर्डिंगचं असं ॲप घ्या ज्यात ही ऑटोमॅटिक गोष्ट बंद करता येते.

वेव्ह फाईल की एमपीथ्री? सीडीच्या दर्जाची स्टिरिओ वेव्ह मिनिटाला साधारण १० एमबी खाते, १२८ केबीपीएसची एमपीथ्री सुमारे १ एमबी. नंतर कापाकापी करायची असेल तर वेव्ह, नाहीतर एमपीथ्री.

आणि रेकॉर्ड केलेलं लगेच, त्याच तासाला ऐकवा. पुढच्या आठवड्यात ऐकवलं तर मुलांना ते कोणा दुसऱ्याचं गाणं वाटतं. माझ्या मते वर्गातलं सगळ्यात उपयोगी यंत्र हेच, कारण गाताना मुलाला स्वतःचा आवाज बाहेरून ऐकूच येत नसतो. पहिल्यांदा ऐकल्यावर "ई, हा माझा आवाज नाहीच" म्हणतील, म्हणू द्या, दुसऱ्यांदा तीच मुलं सांगतील की शेवटची ओळ घाईत झाली.

१२. सगळ्यांना हेडफोन दिले तर गोंगाट जाईल ना? कानाला काही होतं का?

गोंगाट जाईल आणि एकमेकांचं ऐकणंही जाईल. हेडफोन रचना करताना, साँग मेकरवर एकट्यानं काहीतरी जुळवताना, दहा-पंधरा मिनिटं. गायला कधीच नाही. दोघांना एकच ऐकायचं असेल तर स्प्लिटर वायर मिळते.

कानाचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मानकात मुलांसाठी आठवड्याला ४० तास ७५ डेसिबल अशी मर्यादा धरली आहे, मोठ्यांसाठी ८०. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. "मुलांसाठी सुरक्षित" म्हणून विकले जाणारे हेडफोन बरेचदा ८५ ला अडवतात, आणि ७५ च्या हिशेबानं ८५ म्हणजे आठवड्याला फक्त ४ तास होतात, घरचं ऐकणं धरून. त्यामुळे डब्यावरच्या शब्दावर जाऊ नका. आवाज निम्म्याखाली ठेवा, आणि हातभर अंतरावरून हळू बोललेलं मुलाला हेडफोन घालून ऐकू आलं पाहिजे.

१३. टॅबवर पियानो, तबला, गिटार सगळं आहे. मग खरं वाद्य कशाला?

काचेला जोरात मारलं काय आणि हळू टेकवलं काय, बहुतेक ॲप्समध्ये आवाज तोच. खऱ्या वाद्यात हात आवाज घडवतो आणि कान हाताला सुधारतो, हे येणंजाणं काचेवर जवळजवळ नसतं. त्यामुळे सूर-ताल ओळखायला टॅब चालेल, हात बसवायला चालणार नाही. वाद्य नसेल तर बाक, डबा, चमचे, स्वतःची मांडी, हे सगळं टॅबपेक्षा वरचढ. ज्या मुलांना खरं वाद्य धरताच येत नाही त्यांच्यासाठी मात्र उत्तर वेगळं आहे, १५ बघा.

१४. मुलांना सरगम शिकवू, पाश्चात्त्य नोटेशन शिकवू, की ॲपमधले रंगीत चौकोनच पुरे?

चौकोनांपासून सुरुवात उत्तम, वर म्हणजे वरचा सूर आणि लांब म्हणजे लांब सूर हे न शिकवता कळतं. सरगमीत सुरांना नाव मिळतं पण कागदावर उंची दिसत नाही, पाश्चात्त्य नोटेशनच्या पाच रेघांत उंची दिसते पण वाचायला वेळ लागतो. पुढच्या वर्गात जे शिकवलं जाणार असेल ते घ्या. म्यूझस्कोर हे फुकट सॉफ्टवेअर लिहिलेलं वाजवून दाखवतं, शिक्षकांना तयारीला छान, मुलांच्या हातात मात्र पाचवीच्या आधी नको.

१५. वर्गात एका मुलाला श्रवणयंत्र आहे, एकीला हात नीट हलवता येत नाहीत. त्यांचं काय?

दोन्ही ठिकाणी टेक्नॉलॉजी खरोखर कामाची आहे, त्यामुळे हे सविस्तर.

श्रवणयंत्र बोलण्यासाठी जुळवलेलं असतं. बासरीसारखा लांब स्थिर सूर आला की काही यंत्रांना ती स्वतःची शिट्टी वाटते आणि ती दाबायला जातात, मुलाला सूर थरथरता किंवा तुटका ऐकू येतो. पालकांना सांगा की ऑडिओलॉजिस्टकडे (श्रवणतज्ज्ञाकडे) संगीतासाठी वेगळा प्रोग्राम मागा, बऱ्याच यंत्रांत तो बसवता येतो. कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेनं कानात बसवलेलं यंत्र) असलेल्या मुलांना लय चांगली कळते, सुरांची उंची ओळखणं अवघड जातं, म्हणून त्यांना तालाची जबाबदारी द्या आणि "वरचा की खालचा" हा प्रश्न एकट्याला विचारू नका. फुगवलेला फुगा दोन्ही हातात धरून स्पीकरजवळ बसलं की खालचे सूर तळव्यांना कळतात, हा प्रयोग सगळ्या वर्गाला आवडतो म्हणून कोणी वेगळं पडत नाही.

हात हलत नसतील तर मेकी-मेकी नावाची छोटी पाटी मिळते (२०१२ पासून आहे), तिला वायरनं फॉइल किंवा वीज वाहणारी कुठलीही वस्तू जोडली की ती वस्तू कॉम्प्युटरच्या कीबोर्डचं बटण होते. फॉइलचा मोठा तुकडा कोपराजवळ, पायाजवळ, जिथं हालचाल शक्य आहे तिथं लावायचा आणि स्क्रॅचमध्ये त्याला सूर द्यायचा. मात्र त्या मुलीला गाण्यातला खरा भाग द्या, समेचा ठोका किंवा ध्रुवपदाचा पहिला सूर, जो चुकला तर सगळ्यांना कळेल. शेवटी एकदा घंटा वाजवायला ठेवू नका, तो अपमान मुलांना बरोबर कळतो.

मोठ्या आवाजाचा त्रास होणारी मुलंही असतात. अचानक स्पीकर सुरू करू नका, आवाज शून्यावरून वर न्या, आणि कान झाकायचं हेडफोन मागितलं तर कारण न विचारता द्या.

१६. ॲप मुलांना स्टार आणि टक्के देतं. तेच प्रगतिपुस्तकात लिहू का?

नको. बहुतेक ॲप फक्त बोट वेळेवर पडलं का एवढंच मोजतं, त्यात हुशार होणारी मुलं स्क्रीन बघण्यात हुशार होतात. त्याऐवजी सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी तेच गाणं त्याच जागी रेकॉर्ड करा, दोन्ही लागोपाठ ऐकवा आणि काय बदललं ते मुलालाच विचारा. त्याचं उत्तर हाच शेरा. फाईलला तारखेचं नाव द्या, नाहीतर सापडणार नाही.

१७. वर्गात कुठलंही गाणं लावलं तर कॉपीराइटचा प्रश्न येतो का?

वर्गात शिकवताना वाजवायला-गायला बहुतेक देशांच्या कायद्यात सवलत असते. अडचण येते ती व्हिडिओ नेटवर टाकताना, कारण तिथं ही सवलत सहसा लागू होत नाही. कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारानुसार रचनाकाराच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं हक्क राहतो, काही देशांत ६० किंवा ७०. आणि गाणं जुनं असलं तरी त्याच्या रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा असतो. म्हणजे जिचा हक्क संपलाय अशी जुनी धून मुलांनी स्वतः गायली, स्वतः वाजवली तर चिंता नाही, पण तिच्याच नव्या रेकॉर्डिंगवर मुलं नाचवली तर यूट्यूबची यंत्रणा लगेच पकडते. सोपी पळवाट म्हणजे मुलांनी साँग मेकरवर केलेली स्वतःची धून मागे लावायची, ती तिथून वेव्ह म्हणून डाउनलोड होते.

१८. पालक रेकॉर्डिंग मागतात. ग्रुपवर टाकलं तर चालतं ना?

आधी लेखी परवानगी, सगळ्यांची, आणि ती वर्षाच्या सुरुवातीलाच घेऊन ठेवा. एका पालकानं नाही म्हटलं तर त्या मुलाला गाण्यातून काढायचं नाही, फक्त ऑडिओ पाठवायचा किंवा कॅमेरा हातांवर ठेवायचा. फाईलच्या नावात मुलांची नावं नकोत. आवाजही ओळख पटवतो, त्यामुळे एकट्याचं गाणं असेल तर ते फक्त त्याच्याच घरी जाईल, ग्रुपवर नाही.

१९. एआय आता अख्खं गाणं बनवून देतं. मुलांना वापरू द्यावं का?

मुलांना खातं उघडून नाही, या सेवांच्या अटींत किमान वय बहुधा १३ किंवा जास्त असतं आणि आपली मुलं त्यात बसत नाहीत. मुलांचा आवाज तर अशा ठिकाणी कधीच चढवू नका.

शिक्षकांनी एखादं बनवून वर्गात ऐकवलं तर तास चांगला रंगतो, मात्र प्रश्न नेमके हवेत: श्वास कुठं घेतला, शब्दावरचा जोर चुकीच्या अक्षरावर पडला का, कंटाळा कुठं आला. मराठी ओळी दिल्या तर जोर हमखास कुठंतरी भलतीकडे पडतो आणि मुलं तो बरोबर पकडतात. मग तीच ओळ मुलांनी स्वतः चाल लावून गायची. "एआयनं बनव" हा गृहपाठ म्हणून देणाऱ्यांना मात्र माझा विरोध आहे, मुलानं त्यात संगीताचं काहीच केलेलं नसतं.

२०. ऐन तासाला नेट गेलं तर?

ट्रॅक फोनमध्ये उतरवून ठेवलेले असले तर काही अडत नाही. ऑडॅसिटी, म्यूझस्कोर, गॅरेजबँड नेटशिवाय चालतात, म्युझिक लॅबला नेट लागतं. फोन तसाही तासाला एअरप्लेन मोडवरच ठेवा, नाहीतर रेकॉर्डिंगच्या मध्यावर कोणाचा तरी कॉल येतो. स्पीकरची एक जादा वायर कपाटात असू द्या, नेटपेक्षा तीच जास्त वेळा दगा देते, आणि शक्यतो दुसऱ्या कोणाला उसनी देऊ नका.